जानेवारीतलं स्पेन आणि चार तिकिटं

पार्श्वभूमी

पुण्यात तिकिटांच्या काउंटरवर मी सोळा वर्षं काढली. एवढ्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न म्हणजे, "सीझन नाहीये, मग तिकीट स्वस्तच असणार ना?" हे प्रकरण त्याच प्रश्नापासून सुरू झालं. ऑगस्ट २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळातलं आहे. नावं गाळली आहेत आणि भाडी जवळच्या पाचशेला गोल केली आहेत. छापण्याआधी कुटुंबाला वाचायला दिलं होतं. काकांनी एका ठिकाणी हरकत घेतली, तीही खाली तशीच ठेवली आहे.

माणसं चार. काका ६१ वर्षांचे, बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले. काकू एका विमा कंपनीत, रजा साठवून ठेवलेली. मुलगी बंगळुरूत नोकरीला. आणि काकूंची आई, म्हणजे आजी, वय ७६. आजी तोवर विमानात बसल्या नव्हत्या. पासपोर्ट मात्र होता. २०१५ मध्ये लेकाकडे मस्कतला जायचं म्हणून काढलेला. जाणं राहून गेलं आणि पासपोर्ट कपाटात दागिन्यांच्या डब्याखाली कोरा पडून राहिला.

काकांना स्पेनमधल्या ग्रनाडा शहरातला अल्हाम्ब्रा हा जुना किल्ला-महाल बघायचा होता. बँकेतल्या माणसासारखा त्यांनी आधी तक्ता केला. दक्षिण स्पेनमधल्या सेविया शहरात खरा सीझन एप्रिल-मे महिन्यांत, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातल्या मिरवणुका आणि पाठोपाठ येणारी जत्रा यांचा. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे चाळिशीचा पारा, म्हणजे आपल्या विदर्भातला मे. जानेवारीत दुपारी हलका स्वेटर पुरतो आणि हॉटेलं एप्रिलच्या जवळपास निम्म्या भाड्यात मिळतात. म्हणून ठरलं: शुक्रवार ३ जानेवारी २०२५ ला निघायचं, १७ ला परत. जाताना माद्रिद, मग रेल्वेने कोर्दोबा, सेविया, ग्रनाडा आणि परतीचं विमान बार्सिलोनाहून. १५ ऑगस्टच्या सुट्टीत काका हा तक्ता घेऊन माझ्याकडे आले.

अडचण

३ जानेवारीचं भाडं निघालं माणशी ८२,०००. चौघांचे ३ लाख २८ हजार.

काका शांत होते. "अगं, आत्ता लावून ठेवलाय भाव. सीझनच नाही म्हटल्यावर सीटा रिकाम्या राहणार. डिसेंबरात उतरेल बघ. मंडईत संध्याकाळी भाजी उतरते की नाही?"

हा मंडईचा दाखला मला दर महिन्याला कुणीतरी देतं. भाजी संध्याकाळी उतरते, कारण उद्या ती सुकणार आणि संध्याकाळी येणारं गिऱ्हाईक घासाघीस करणारं असतं. विमानाची सीटही नासकीच, उड्डाण झालं की तिची किंमत शून्य. पण शेवटच्या आठवड्यात तिकीट मागायला कोण येतं? ज्याच्या घरी कुणी आजारी आहे तो, किंवा ज्याला साहेबाने उद्या हजर व्हायला सांगितलंय तो. हे गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, आणि विमान कंपनीला ते पक्कं ठाऊक असतं. म्हणून स्वस्त भाड्यांना बहुधा अटच असते, की प्रवासाच्या अमुक दिवस आधी तिकीट निघालं पाहिजे. सात, चौदा, एकवीस दिवस असे टप्पे. टप्पा उलटला की ते भाडं यादीतूनच गळतं.

पण काकांची खरी गफलत त्याच्याही आधीची होती. त्यांनी सीझन पाहिला होता सेवियाच्या हॉटेलांचा. विमान मात्र मुंबईहून सुटणार होतं, आणि मुंबईचा सीझन मुंबईची माणसं ठरवतात. नाताळाच्या सुट्टीत युरोप-अमेरिकेतून आलेली मुलं, सुना, नातवंडं जानेवारीच्या पहिल्या दहा-बारा दिवसांत परत निघतात. अमेरिकेत जानेवारीचं सत्र गाठणारे विद्यार्थीही त्याच विमानांत. आखातातून किंवा इस्तंबूलवरून युरोपला जाणाऱ्या विमानात माद्रिदवाला, बोस्टनवाला आणि टोरोंटोवाला पहिल्या टप्प्यात शेजारीशेजारी बसलेले असतात. आम्हाला दिसलेले सगळे पर्याय एका थांब्याचे होते. म्हणजे आमच्या चार सीटांना स्पर्धा होती ती उत्तर अमेरिकेला निघालेल्या अख्ख्या गर्दीची, आणि त्या गर्दीला सेवियाच्या हवामानाशी काही देणंघेणं नव्हतं.

तेव्हा प्रश्न दोन झाले. जायचं कधी, आणि तिकीट काढायचं कधी. काका दुसराच विचारत होते.

पहिला निर्णय : तारीख

हा निर्णय तासाभरात झाला, आणि आज मागे वळून बघताना सगळ्यात मोलाचा हाच वाटतो.

कॅलेंडर समोर ठेवून एकेक आठवडा बघत गेलो. १२ जानेवारीपर्यंत भाडं ७५ हजारांच्या खाली येईना. १८ नंतर एकदम पायरी उतरली, ५६ ते ५८ हजार. पुढे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तसंच सपाट. मार्च टाळायचा होता, कारण २०२५ मध्ये रमजान मार्चच्या सुरुवातीलाच लागत होता आणि उमरा यात्रेच्या गर्दीने आखाताकडची विमानं भरतात.

मग स्पेनच्या बाजूने पाहिलं. २२ ते २६ जानेवारीला माद्रिदमध्ये फितुर भरणार होतं. हे पर्यटन व्यवसायाचं मोठं प्रदर्शन आहे, आणि त्या दिवसांत त्या शहरात हॉटेलवाले ऑफ सीझन वगैरे काही ओळखत नाहीत. म्हणून माद्रिदला २६ नंतर पोचायचं ठरलं. मुलीने ऑफिसात विचारून रजा पुढे सरकवली. नवी तारीख: मंगळवार २८ जानेवारीला पहाटे ४.१० ला मुंबई सोडायची, ११ फेब्रुवारीला बार्सिलोनाहून परतीला निघायचं. भाडं माणशी ५६,०००. जाणं एका शहरात, परतणं दुसऱ्या शहरातून. तरी जाण्या-येण्याचं तिकीट एकत्रच काढलं. दोन सुटी तिकिटं काढली असती तर बरीच महाग पडली असती.

चौघांचे २ लाख २४ हजार. एका तासात १ लाख ४ हजार वाचले.

"मग काढून टाकू?" काकू म्हणाल्या. काका म्हणाले, थांबू. मीही थांबूया म्हटलं, पण माझं कारण वेगळं होतं: व्हिसा.

दुसरा निर्णय : व्हिसाआधी की व्हिसानंतर

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून एकच चालणाऱ्या व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, ताणले तर पंचेचाळीस. अर्जाला विमानाचं आरक्षण जोडावं लागतं; पैसे भरून काढलेलं तिकीटच हवं असं नाही. व्हिसा हातात येईपर्यंत तिकिटाचे पैसे अडकवू नका, असं बरेच दूतावास स्वतःच सांगतात. पण आरक्षण खरं हवं, विमान कंपनीच्या नोंदीत दिसणारं. इंटरनेटवर दोन-चारशे रुपयांत मिळणारे बनावट कागद लोक जोडतात. मी ते कुणालाही करू देत नाही. त्यापायी नकार आला तर पुढच्या बऱ्याच अर्जांत तो सांगत बसावा लागतो.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, गणपतीच्या धांदलीत, मुलगी अर्ज भरायला बसली आणि तिने बंगळुरूहून फोन केला. आजींच्या पासपोर्टची मुदत होती २ मे २०२५ पर्यंत. नियम असा, की शेंगेन प्रदेश सोडल्यानंतर किमान तीन महिने पासपोर्ट चालू हवा. ११ फेब्रुवारी अधिक तीन महिने म्हणजे ११ मे.

नऊ दिवस कमी पडत होते.

गंमत अशी, की १७ जानेवारीला परतण्याच्या जुन्या बेतात हाच पासपोर्ट चालला असता. लाखभर वाचवायला तारीख हलवली आणि पासपोर्ट घसरला. चूक माझीच होती. तारीख बदलली त्याच दिवशी मी चारही पासपोर्ट मागवून बघायला हवे होते. काकांचा, काकूंचा, मुलीचा मी आधी पाहिला होता. आजींचा "आहे, कोरा आहे" एवढ्यावर सोडून दिला होता.

नवीन पासपोर्टचा अर्ज गौरी-विसर्जनाच्या आसपास गेला. पोलीस पडताळणी झाली (हवालदार घरी आले, आजींनी त्यांना गौरीचा फराळ दिला) आणि १ ऑक्टोबरला पासपोर्ट आला. व्हिसा केंद्रातली वेळ तोवर रद्द करून नवी घ्यावी लागली, ती मिळाली २३ ऑक्टोबरची.

तिसरा निर्णय : नवरात्रातला सेल

३ ऑक्टोबरला घटस्थापना होती. त्याच दिवशी आमच्या विमान कंपनीने काही दिवसांचा सेल काढला. सण बघून असे सेल निघतात आणि ते बहुतेक ऑफ सीझनच्याच प्रवासासाठी असतात, कारण भरणाऱ्या विमानाला सेल लागत नाही. काकांनी रविवारी, ६ तारखेला सकाळी फोन केला. "४९,५०० दाखवतंय! आणि चार जण टाकले की ५६,५००. हे काय गौडबंगाल आहे?"

गौडबंगाल नाही. इकॉनॉमीच्या एकाच डब्यात दहा-बारा वेगवेगळे भाव असतात आणि प्रत्येक भावाला काही सीटांचा कोटा. सगळ्यात स्वस्त कोट्यात त्या विमानात दोनच सीटा उरल्या होत्या. चौघांसाठी शोधलं, की यंत्रणा चारही सीटा एकत्र मिळतील असा कोटा गाठते आणि चौघांनाही तोच वरचा भाव लावते. त्या दोन स्वस्त सीटा तशाच पडून राहतात. म्हणून कुटुंबाचं तिकीट बघताना मी आधी एकट्यासाठी शोधते, मग दोघांसाठी, मग सगळ्यांसाठी. भाव कुठे उडी मारतो ते कळतं. ब्राउझर गुप्त करून बघा, मंगळवारी मध्यरात्री बघा, असले तोडगे लोक सांगतात. एवढ्या वर्षांत त्यांनी रुपया वाचलेला मी पाहिला नाही. एकट्यासाठी शोधून पाहण्याने मात्र पुष्कळदा वाचले आहेत.

समोर चार वाटा होत्या.

एक, चौघांची आत्ताच ५६,५०० ने. ऑगस्टपेक्षा महाग आणि व्हिसाचा पत्ता नाही, म्हणून ही लगेच बाद.

दोन, व्हिसा येईपर्यंत कुणाचंच काढायचं नाही. सुरक्षित, पण ४९,५०० च्या दोन सीटा जाणार.

तीन, दोघांचं सेलच्या भावाने, आणि उरलेल्या दोघांचं त्याच विमानातलं रद्द करता येणारं तिकीट माणशी ६०,५०० ने. त्यात तारीख फुकट बदलता येत होती आणि रद्द केलं तर माणशी ६,००० कापून बाकी परत.

चार, दोघांचं सेलने, उरलेल्या दोघांचं व्हिसानंतर.

काका म्हणाले, व्हिसा नाकारला जायची शक्यता कितीशी? मी म्हटलं, काका, चौघांची वेगवेगळी बघा. तुम्ही, काकू आणि मुलगी आधी युरोपला जाऊन आलाय. तुमची मला चिंता नाही. आजींचा पहिलाच अर्ज, कोरा पासपोर्ट, उत्पन्न म्हणजे फॅमिली पेन्शन. त्यांचंही होईल असं वाटतं, पण सांगता येत नाही. आणि त्यांना नाही मिळाला तर?

काकू मागून म्हणाल्या, "आईला नाही मिळाला तर मी जाणार नाही. तुम्ही दोघं जा."

या एका वाक्याने हिशेब सुटला. चार तिकिटं नव्हतीच, दोन जोड्या होत्या. काका आणि मुलगी काहीही झालं तरी जाणार होते. त्यांच्यासाठी परतावा न मिळणारं सेलचं तिकीट अगदी योग्य. आजी आणि काकूंचं जाणं एका शिक्क्यावर अवलंबून, त्यांना रद्द करता येईल असं तिकीट हवं. माझा सल्ला तिसऱ्या वाटेचा होता.

काकांना तो पटला नाही. "तेच विमान, तीच सीट, तेच थंड सँडविच. माझ्यापेक्षा हिने अकरा हजार जास्त का द्यायचे? व्हिसा येईपर्यंत भाव पडेल." ते चौथ्या वाटेने गेले. एक गोष्ट मात्र त्यांनी माझी ऐकली: थांबायचं तर आकडा आणि तारीख आधी लिहून ठेवायची. तक्त्यात त्यांनी लिहिलं, ५५,००० च्या खाली दिसलं की लगेच, नाहीतर व्हिसा आल्याच्या दुसऱ्या दिवशी, जो असेल त्या भावाने.

मध्येच झालेला एक घोळ

त्याच रात्री काकांनी स्वतः, विमान कंपनीच्या साइटवर, आपलं आणि मुलीचं तिकीट काढलं. सोमवारी सकाळी साडेसातला मुलीचा मला मेसेज: "बाबांनी २७ चं काढलंय."

पहाटे ४.१० चं विमान. काकांच्या डोक्यात होतं, की सोमवारी २७ ला रात्री जेवून पुण्याहून निघायचं. म्हणून त्यांनी तारीख टाकली २७. पण २७ तारखेचं ४.१० म्हणजे रविवार उलटून उजाडणारी पहाट. ते विमान काका जेवायला बसण्याच्या आदल्या रात्रीच गेलेलं असतं. ही चूक इतकी नेहमीची आहे, की पहाटेच्या प्रत्येक तिकिटावर मी पेनाने लिहून देते, "घरातून निघणे: अमुक वारी रात्री". काकांनी घरी काढलं, त्यामुळे पेन फिरलं नाही.

वाचले ते वेळेमुळे. कंपनीच्या नियमात २४ तासांत रद्द केल्यास पूर्ण परतावा होता. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या तेव्हाच्या नियमातही, प्रवास सात दिवसांहून पुढे असेल तर, अशी २४ तासांची मुभा होती. मी सांगितलं, आधी २८ चं नवीन काढा, ते हातात आलं की मगच २७ चं रद्द करा. उलटं केलं आणि मधल्या दहा मिनिटांत त्या दोन सीटा कुणी उचलल्या, तर गेलं सगळं. २८ च्या त्या दोन सीटा अजून होत्या. जुन्या तिकिटाचे पैसे आठवड्याभरात कार्डावर परत आले.

व्हिसा आणि उरलेली दोन तिकिटं

२३ ऑक्टोबरला चौघं व्हिसा केंद्रात जाऊन आले. आजींनी दहा बोटांचे ठसे दिले; भांडी घासून आणि भाकऱ्या थापून रेषा पुसट झालेल्या, म्हणून यंत्राने तीनदा परत घ्यायला लावले. काका आणि मुलीचं पक्कं तिकीट अर्जाला जोडलं, काकू-आजींचं त्याच विमानाचं नुसतं आरक्षण मी काउंटरवरून करून दिलं. अशा आरक्षणात जागा ठरावीक मुदतीपर्यंत राहते. भाड्याची हमी मात्र तिकीट निघेपर्यंत कुणी देत नाही, हे मी काकांना दोनदा सांगितलं.

दिवाळी गेली. भाव बघणं हा काकांचा रोजचा उद्योग झाला, सकाळी चहाबरोबर एकदा, रात्री बातम्यांनंतर एकदा. ५७, ५८, ५८, ६१. एकदाही ५५ च्या खाली नाही. व्हिसे चौघांचेही आले, १९ नोव्हेंबरला. दुसऱ्या दिवशी विधानसभेचं मतदान होतं. बोटाला शाई लावून काका घरी आले आणि साइट उघडली: ६३,०००.

दुसऱ्या एका कंपनीचं ५५,००० ने मिळत होतं, वेगळ्या थांब्यावरून, तीन तास उशिरा पोचणारं. काका तासभर त्याच्याकडे बघत बसले. माणशी आठ हजार म्हणजे दोघींचे सोळा. पण आजींना व्हीलचेअर लागणार, सोबत काकू एकट्या, परक्या विमानतळावर विमान बदलायचं, आणि नवरा-मुलगी तिसऱ्याच विमानात. काकू काहीच बोलल्या नाहीत. तेवढं पुरलं. काकांनी माझ्या काउंटरवरून माणशी ६३,००० भरले.

१२ डिसेंबरला त्याच विमानाचं भाडं झालं ५१,०००. चार-पाच दिवस तसंच राहिलं. विमान अपेक्षेइतकं भरत नसलं, की कंपनी बंद केलेले स्वस्त कोटे पुन्हा उघडते. सीझन नसताना हे होतं, आणि नेमकं कधी होईल ते बाहेरच्या कुणालाच कळत नाही. काकांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज, शेजाऱ्याने त्याच दुकानातून तोच फ्रिज स्वस्तात आणल्यासारखा होता. मी त्यांना म्हटलं, तिकीट काढून झालं की भाव बघणं बंद करायचं असतं. ते म्हणाले, सवय लागली आता.

निकाल

चौघांचा विमानखर्च: ४९,५०० ची दोन आणि ६३,००० ची दोन, मिळून २ लाख २५ हजार.

ऑगस्टमध्ये, तारीख बदलली त्या संध्याकाळी, चौघांचं मिळून पडत होतं २ लाख २४ हजार. तीन महिने थांबून, रोज दोनदा भाव बघून, सेल पकडून, एक तिकीट रद्द करून आम्ही एक हजार जास्त मोजले. जे वाचलं ते सगळं त्या पहिल्या तासात, ३ जानेवारीवरून २८ वर सरकताना वाचलं होतं. ऑगस्टमध्ये काढायला हवं होतं, असं मी तरीही म्हणणार नाही. तेव्हा ५६,००० च्या तिकिटाला परतावा नव्हता आणि आजींकडे चालेल असा पासपोर्टही नव्हता, हे तर आम्हाला माहीतसुद्धा नव्हतं.

दोन जोड्यांची दोन वेगळी आरक्षणं झाली, त्याचा त्रास शेवटी एकदा झालाच. ८ जानेवारीला कंपनीने परतीच्या वेळा हलवल्या आणि मधला थांबा सव्वातासावर आला. व्हीलचेअरने विमान बदलायला तो कमी. कळवल्याची मेल फक्त काकांना आली. काकू-आजींचं तिकीट माझ्या काउंटरवरून निघालेलं, त्याची सूचना आमच्या यंत्रणेच्या रांगेत पडून होती. काकांनी फोन केला म्हणून मी लगेच पाहिलं. वेळ कंपनीने बदलली असल्याने पुढचं विमान फुकट मिळालं, पण दोन्ही आरक्षणं एकाच वेळी हलवायला दीड तास फोनवर घालवावा लागला. थांबा झाला सहा तासांचा. आजी खुर्च्यांवर आडव्या झाल्या, उशाला काकूंची शाल.

बाकी सहल छान झाली. अल्हाम्ब्रातल्या नासरी महालांच्या तिकिटावर आत शिरायची वेळ छापलेली असते. सीझनमध्ये ती तिकिटं आठवडेच्या आठवडे आधी संपतात, यांना चार दिवस आधी हवी ती वेळ मिळाली. सेवियात रस्त्याकडेच्या झाडांना संत्री लगडलेली. आजींनी एक उचलून सोललं, तोंडात टाकलं आणि तोंड वाकडं केलं. ती कडू जातीची असतात, मुरंब्याची. "म्हणूनच कुणी तोडत नाही होय," म्हणाल्या.

आता करायचं झालं तर

पहिली गोष्ट माझ्याकडून. तारीख हलली, की त्याच बैठकीत सगळ्यांचे पासपोर्ट टेबलावर मांडायचे आणि परतीच्या तारखेत तीन महिने मिळवून बोटाने तपासायचे. आजींचा पासपोर्ट ऑगस्टमध्येच अर्जाला गेला असता तर व्हिसा केंद्रातली वेळ सप्टेंबर अखेरची मिळाली असती आणि नवरात्राचा सेल व्हिसाच्या बराच जवळ आला असता. कदाचित चौघांचंही चित्र वेगळं दिसलं असतं.

दुसरी, आरक्षणं दोन करायची तर संपर्काचा फोन आणि मेल दोन्हीकडे एकच टाकायचे, शिवाय दोन्ही नोंदींवर एकमेकींचा क्रमांक लिहून घ्यायचा. हे मी एरवी करते. इथे एक तिकीट काकांनी घरी काढलं आणि एक मी काउंटरवरून, त्यामुळे मधल्या फटीत राहून गेलं.

मुलीने बंगळुरू-मुंबईचं तिकीट वेगळं काढलं होतं, २७ ला दुपारी दोनला पोचणारं. मी तिला संध्याकाळचं घेऊ दिलं नाही. दोन सुट्या तिकिटांत पहिलं विमान लांबलं तर दुसऱ्याची जबाबदारी कुणी घेत नाही. तिचं विमान त्या दिवशी वेळेवर आलं आणि तिने विमानतळावर चौदा तास काढले. पुन्हा सांगायची वेळ आली तरी मी दुपारचंच सांगेन, रात्री मुंबईत मामेबहिणीकडे टेकायला सांगेन एवढंच.

आणि ती ६०,५०० ची रद्द करता येणारी दोन तिकिटं. ऑक्टोबरात घेतली असती तर एकूण खर्च २ लाख २० हजार झाला असता, म्हणजे पाच हजार कमी. आजींना व्हिसा नाकारला असता तर बारा हजार गेले असते आणि काकूंचा महिनाभराचा घोर वाचला असता. इथेच काकांची हरकत आहे. त्यांचं म्हणणं, १२ डिसेंबरपर्यंत थांबलो असतो तर दोघींचं १ लाख २ हजारांत झालं असतं, तेव्हा रद्द करता येणाऱ्या तिकिटाशी तुलना हा माझा सोयीचा हिशेब आहे. मी विचारलं, २० नोव्हेंबरला ६३ दिसत असताना आणखी तीन आठवडे थांबायची तुमची तयारी होती का? सेवियाचं हॉटेल, रेल्वेची तिकिटं, सगळं तुम्ही त्याच आठवड्यात पक्कं केलंत. त्यावर ते म्हणाले, तयारी नव्हती, पण भाव तर उतरला की नाही?

उतरला. तक्त्यात त्यांनी १२ डिसेंबरची ओळ हिरव्या रंगाने भरून ठेवली आहे.